कपाळाच्या आतलं हाड आणि ‘नमुना कुठून आणला?’ हा प्रश्न

मागच्या वर्षी माझी मावशी चक्कर येऊन पडली. डोक्याला मार लागला म्हणून सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, सगळं ठीक. पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत एक लांबलचक नाव होतं : हायपरोस्टोसिस फ्रंटॅलिस इंटर्ना. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, याकडे दुर्लक्ष करा.’ मावशी कसली दुर्लक्ष करतेय! घरी येऊन तिने ते नाव मोबाईलवर शोधलं आणि रात्री साडेदहाला मला फोन केला. ‘अगं, इथे लिहिलंय लठ्ठपणा, दाढीमिशा आणि मानसिक बिघाड. मला वेड लागणार आहे का? तू पीएचडी करतेस ना, मग सांग.’

माझा पीएचडीचा विषय हाडांचा नाही. पण नातेवाइकांच्या हिशोबात पीएचडी म्हणजे सगळंच येतं, त्यामुळे त्या रात्री मी शोधनिबंध उघडून बसले. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं : नाही. पण ‘वेड’ हा शब्द एका हाडाच्या शेजारी येऊन बसला कसा, हे समजायला मला बरेच दिवस लागले. तोच इतिहास आज तुम्हाला सांगते. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालं असेल, तर गाईडने विचारलेला एक प्रश्न तुम्हाला आठवत असेल किंवा लवकरच ऐकू येईल : ‘नमुना कुठून आणला?’ या हाडाचा इतिहास म्हणजे त्या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याचा आणि मग हळूहळू तो विचारायला शिकल्याचा इतिहास आहे.

आधी हाड समजून घेऊ

कपाळावर बोट ठेवा. बोटाखाली जे हाड लागतं ते सलग दगडासारखं नसतं. बाहेरून एक कठीण थर, आतून एक कठीण थर आणि दोघांच्या मध्ये स्पंजसारखा जाळीदार भाग, अशी त्याची रचना असते. आतल्या थराला मेंदूचं जाड, चिवट आवरण चिकटलेलं असतं. त्याला ड्यूरा मॅटर म्हणतात.

हायपरोस्टोसिस फ्रंटॅलिस इंटर्ना (यापुढे आपण एचएफआय म्हणू) या स्थितीत कपाळाचं हाड आतल्या बाजूने जाड होतं. बाहेरची बाजू तशीच गुळगुळीत राहते. आत मात्र कुणीतरी घाईघाईत ओबडधोबड गिलावा थापावा तसे उंचवटे तयार होतात. ते बहुधा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना असतात. बरोबर मधली रेषा, जिथून मेंदूतलं अशुद्ध रक्त वाहून नेणारी मोठी वाहिनी जाते, ती जागा सहसा मोकळी राहते. हा कॅन्सर नाही, जंतुसंसर्गही नाही.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. हे हाड बाहेरून दिसत नाही. हाताला लागत नाही. ते पाहायचं असेल तर कवटी कापून उघडावी लागते, नाहीतर आरपार पाहणारं यंत्र लागतं. म्हणजे एचएफआय कुणाला ‘असतं’ हे कळण्याआधी एक प्रश्न येतो : आपण कुणाच्या कवट्या उघडतो?

पादुआमधली एक बाई

पहिली नोंद साधारणपणे जिओव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी यांच्या नावावर घातली जाते. जन्म १६८२, मृत्यू १७७१. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. १७६१ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी रोगांची स्थानं आणि कारणं या विषयावरचा आपला मोठा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. सत्तर पत्रांच्या रूपात लिहिलेला हा ग्रंथ सुमारे सातशे शवविच्छेदनांवर आधारलेला आहे. रोग म्हणजे शरीरातल्या द्रवांचा बिघडलेला तोल, ही जुनी समजूत बाजूला सारून रोग अमुक अवयवात बसलेला असतो आणि तो तिथे शोधता येतो, असं त्यांनी दाखवून दिलं. आजच्या विकृतिशास्त्राचा पाया इथेच घातला गेला.

मोर्गान्यींना एका वयस्क स्त्रीच्या कवटीत कपाळाचं हाड आतून जाड झालेलं आढळलं. ती बाई स्थूल होती आणि चेहऱ्यामोहऱ्याने पुरुषी वाटत होती. त्यांनी हे सगळं टिपून ठेवलं. चांगला निरीक्षक असंच करतो.

इथे थांबून दोन गोष्टी पाहा. पहिली : एका शरीरात तीन गोष्टी एकत्र दिसणं आणि त्या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असणं, यात फार फरक आहे. मोर्गान्यींच्या हातात एक बाई होती. एका बाईवरून टक्केवारी काढता येत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरच्या कामाची. या पहिल्या नोंदीचं साल वेगवेगळ्या निबंधांत वेगवेगळं छापलेलं दिसतं : कुठे १७१९, कुठे १७६१, कुठे १७६५, तर कुठे १७६९. यातलं १७१९ हे मोर्गान्यींच्या आधीच्या लेखनाचं साल आहे. १७६१ मोठ्या ग्रंथाचं. १७६९ साली त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर लंडनला निघालं. ज्याच्या हाती जी प्रत लागली त्याने त्या प्रतीचं साल टाकलं, आणि पुढच्याने मूळ न उघडता ते उचललं. तुमच्या संदर्भयादीत ‘पहिल्यांदा अमुक साली’ असं वाक्य येईल तेव्हा स्वतःला विचारा की ते मूळ पान मी पाहिलंय का.

मनोरुग्णालयातून आलेलं हाड

आता दीडशेहून जास्त वर्षं पुढे येऊ. १९२८ मध्ये आर. एम. स्टुअर्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा होतो : ‘वेड्यांमधली कवटीच्या हाडाची ठरावीक जागची वाढ’. शीर्षकातच नमुना सांगितला आहे. १९३० मध्ये जिनिव्हाचे मनोविकारतज्ज्ञ फर्डिनांड मोरेल यांचं पुस्तक आलं. त्यांनी या हाडाबरोबर लठ्ठपणा आणि मेंदूचे बिघाड जोडले. पुढे तिघांची नावं एकत्र करून ‘मोर्गान्यी-स्टुअर्ट-मोरेल सिंड्रोम’ असं नाव रूढ झालं. मावशीने मोबाईलवर वाचलं ते हेच.

हे दोघे खोटं लिहीत नव्हते. त्यांना ते हाड खरोखरच दिसलं होतं. मग गडबड कुठे झाली?

तुम्हीच विचार करा. त्या काळी युरोपातल्या मनोरुग्णालयात दाखल झालेली बाई पुष्कळदा बाहेर येत नसे. वर्षानुवर्षं तिथेच राहायची, तिथेच म्हातारी व्हायची, तिथेच मरायची. आणि मेल्यावर तिच्या आजाराचं मूळ मेंदूत सापडतं का हे पाहायला डॉक्टर तिची कवटी उघडत. गावात, स्वतःच्या घरात शांतपणे गेलेल्या म्हाताऱ्या आजीची कवटी कोण उघडणार?

हिशोब सोपा करून पाहू. हे आकडे काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा शंभर वृद्ध स्त्रियांपैकी तीस जणींच्या कपाळाचं हाड आतून जाड असतं, मग ती बाई शहाणी असो की आजारी. मनोरुग्णालयाच्या शवागारात तुम्ही शंभर वृद्ध स्त्रिया तपासल्या, तर तीस सापडतील. तुम्ही लिहाल : ‘मानसिक रुग्णांमध्ये तीस टक्के!’ आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. कारण बाहेरच्या शंभर जणींत किती, हे तुम्ही मोजलंच नाही. तुलनागटच नाही.

ही केवळ कागदावरची चूक नव्हती. एखाद्या बाईचं दुःख, तिचा राग, घरच्यांनी तिला तिथे आणून सोडणं, यापैकी कशाचीच विचारपूस न करता तिच्या कपाळाच्या हाडाकडे बोट दाखवता येत होतं. हाड मोजता येतं, त्यामुळे ते शास्त्रीय वाटतं. आणि तो शिक्का इतका चिवट निघाला की जवळपास शंभर वर्षांनी एका निवृत्त शिक्षिकेची, म्हणजे माझ्या मावशीची, रात्रीची झोप त्याने उडवली.

क्ष-किरणं आली, नमुना बदलला

१८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि काही दशकांत जिवंत माणसाच्या कवटीची आतली बाजू पाहणं शक्य झालं. आता तरी नमुना सुधारेल असं वाटतं ना? पण कवटीचा एक्स-रे कुणाचा काढतात? ज्याचं डोकं दुखतं त्याचा, ज्याला चक्कर येते त्याचा. मग एचएफआयच्या लक्षणांच्या यादीत डोकेदुखी आली, चक्करही आली. यंत्र नवं, सापळा जुनाच.

अमेरिकेत सेंट लुईसचे क्ष-किरणतज्ज्ञ शेरवूड मूर यांनी १९३० च्या दशकापासून या विषयाचा पाठपुरावा केला आणि १९५५ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांनी याला चयापचयाशी जोडणारं नाव वापरलं. स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ फोल्के हेन्शेन यांनी १९३७ मध्ये ‘मोर्गान्यीचा सिंड्रोम’ या नावाने पुस्तक प्रसिद्ध केलं आणि त्याच्या शीर्षकातच तीन गोष्टी एकत्र बांधल्या : आतून जाड झालेलं कपाळ, पुरुषी लक्षणं आणि लठ्ठपणा. पादुआमधल्या त्या एका बाईचं वर्णन आता व्याख्या बनलं.

गंमत म्हणजे याच काळात उलटा पुरावाही साठत होता. वृद्ध स्त्रियांची सरसकट तपासणी केली की हे हाड वारंवार सापडायचं, आणि त्यातल्या पुष्कळ जणींना काहीच त्रास नसायचा. १९४४ मध्ये ग्रोलमन आणि रुसो यांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकात त्यांनी एचएफआयच्या आधी ‘तथाकथित’ हा शब्द लावला. शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘तथाकथित’ लिहायला धाडस लागतं. पण एकदा पाठ्यपुस्तकात गेलेलं नाव असं सहजासहजी बाहेर येत नाही.

छेद मिळाला तेव्हा

भागाकाराला छेद लागतो, हे आपण चौथीत शिकतो आणि संशोधनात विसरतो. ‘तीस जणांत आढळलं’ हा अंश झाला. तो किती जणांपैकी आणि ते कोण, हा छेद. एचएफआयला मोठा, नीट वय-लिंग नोंदलेला छेद मिळायला १९९९ साल उजाडलं.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात हॅमन-टॉड संग्रह आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमवलेले तीन हजारांहून जास्त मानवी सांगाडे. बहुतेकांचं वय, लिंग आणि वंश नोंदलेला. शवविच्छेदनात कवट्या कापलेल्या असल्यामुळे आतली बाजू थेट पाहता येते. इस्रायल हर्शकोव्हिट्झ आणि सहकाऱ्यांनी या संग्रहातल्या सुमारे सतराशे कवट्या तपासल्या. शिवाय पुरातत्त्वीय उत्खननातून आलेल्या सुमारे दोन हजार जुन्या कवट्याही पाहिल्या.

त्यांनी आधी एक साधं पण महत्त्वाचं काम केलं. एचएफआयच्या चार पायऱ्या ठरवल्या. ‘अ’ म्हणजे एखाद-दुसरा छोटा उंचवटा. ‘ब’ म्हणजे कपाळाच्या हाडाच्या पाव भागापेक्षा कमी जागेत वाढ. ‘क’ म्हणजे निम्म्या भागापर्यंत. ‘ड’ म्हणजे निम्म्याहून जास्त. यामुळे काय झालं? एक संशोधक बारीकशा उंचवट्यालाही एचएफआय म्हणतो आणि दुसरा फक्त मोठ्या वाढीला, मग दोघांच्या टक्केवाऱ्या जुळत नाहीत आणि उगाच वाद होतो, हे थांबलं. तुमच्या प्रबंधातही मोजणीच्या आधी व्याख्या ठरवा, नंतर नाही.

निष्कर्ष असा की विसाव्या शतकातल्या त्या संग्रहात स्त्रियांमध्ये साधारण चारात एक, पुरुषांमध्ये साधारण वीसात एक. वय वाढलं की प्रमाण वाढतं. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांत फरक नाही. आणि प्राचीन कवट्यांत हे फारच विरळ.

चारात एक! म्हणजे हे दुर्मिळ सिंड्रोम नव्हे. वय वाढलेल्या स्त्रीच्या शरीरात होणारा हा एक बऱ्यापैकी सामान्य बदल आहे. मनोरुग्णालयात तो सापडला नसता तरच नवल होतं.

पण थांबा. हा संग्रहसुद्धा आकाशातून पडलेला नाही. त्यातले बहुतेक लोक गरीब होते. मरणानंतर ज्यांचे मृतदेह न्यायला कुणी आलं नाही असे. त्यांची संमती कुणी विचारली नव्हती. आज आपण मोठ्या विश्वासाने जो छेद वापरतो, तो या माणसांच्या बेवारस मरणातून आलाय. हे माहीत असूनही आकडा वापरता येतो, पण ते विसरून वापरू नये, असं मला वाटतं.

जुन्या कवट्या काय सांगतात

प्राचीन कवट्यांत एचएफआय विरळ, याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, त्या काळी ते खरंच कमी होतं. दोन, ते होतं, पण आपल्याला दिसलं नाही. उत्खननात अखंड कवटी मिळाली की ती कुणी कापत नाही, जपून ठेवतात. फुटकी मिळाली की आत पाहता येतं. म्हणजे इथेही कोणती कवटी फुटली यावर ज्ञान अवलंबून!

याचं सुंदर उदाहरण जिब्राल्टरचं. १८४८ मध्ये तिथल्या फोर्ब्स खाणीत एक कवटी सापडली. आज ती निअँडरथल स्त्रीची म्हणून ओळखली जाते. जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यातला सांगाडा, ज्यावरून हे नाव पडलं, तो नंतर म्हणजे १८५६ मध्ये मिळाला. जिब्राल्टरची कवटी जगभरच्या तज्ज्ञांनी मोजली, रेखाटली, वर्णिली. पण तिच्या कपाळाच्या आतल्या जाडीची एचएफआयच्या अंगाने चर्चा करणारा सुझन अँटोन यांचा निबंध आला १९९७ मध्ये. त्याच निबंधात त्यांनी जावा बेटावरच्या सांगिरानची एक कवटी आणि इराकमधल्या शानिदार गुहेतली एक कवटी यांचाही विचार केला. दीडशे वर्षं वस्तू समोर होती, प्रश्न नव्हता.

दुसरं उदाहरण पॉम्पेईचं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि शहर गाडलं गेलं. स्मशानातला नमुना आणि हा नमुना यांतला फरक बघा. स्मशानात येतात ते आजाराने, वयाने, बाळंतपणात गेलेले लोक. पॉम्पेईत मेले ते त्या दिवशी जिवंत आणि चालतेफिरते असलेले लोक. ऑस्ट्रेलियाच्या एस्टेल लेझर यांनी तिथल्या हाडांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांना कपाळाच्या हाडांपैकी साधारण दहात एक हाडावर एचएफआयची चिन्हं मिळाली. त्यावरून त्यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला : हा बदल मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत होतो, म्हणजे पॉम्पेईत तेवढं वय गाठलेल्या स्त्रिया बऱ्यापैकी होत्या. ‘पूर्वी सगळे तरुणपणीच मरायचे’ हे आपण सहज बोलतो. एका हाडाने त्याला छेद दिला.

तुमच्या मनात शंका आली असेल तर शाब्बास. पळू शकणारे पळून गेले असतील, मागे म्हातारे, बायका आणि अपंगच राहिले असतील, मग हाही नमुना एकांगीच! लेझर यांनी हीच शंका तपासली. हाडांवरून तसं चित्र निघालं नाही. आपल्याच नमुन्यावर पहिला आक्षेप आपणच घ्यायचा, तो असा.

गाणाऱ्या माणसाचं कपाळ

एव्हाना प्रश्न पडला असेल : बायकांनाच का? संशय अर्थातच संप्रेरकांवर जातो. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेनचा प्रभाव दीर्घकाळ असतो, पुरुषात टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं असतात. पण हे तपासायचं कसं? माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये.

दुर्दैवाने इतिहासाने तो केलेला आहे. कार्लो ब्रोस्की, म्हणजे युरोपभर गाजलेला गायक फारिनेल्ली. जन्म १७०५. मुलगा असतानाच त्याचं खच्चीकरण केलं गेलं, कारण वयात आल्यावर आवाज फुटू नये, तो उंच आणि कोवळाच राहावा. त्या काळी इटलीत अशी शेकडो मुलं होती. फारिनेल्ली त्यातला सर्वांत नावाजलेला. स्पेनच्या राजदरबारात त्याने अनेक वर्षं घालवली आणि १७८२ मध्ये बोलोन्यात वारला. २००६ मध्ये बोलोन्याच्या चेर्तोझा स्मशानभूमीतून त्याचे अवशेष बाहेर काढण्यात आले. ते फार खराब अवस्थेत होते. पण कपाळाचं हाड मिळालं आणि ते आतून चांगलंच जाड झालेलं होतं. मारिया जोव्हान्ना बेलकास्त्रो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुरुषात क्वचित दिसणारी गोष्ट, तीही तीव्र स्वरूपात. पुरुषी संप्रेरकांचा अभाव हे त्याचं कारण असावं, हा त्यांचा तर्क.

तर्क पटण्यासारखा आहे. मलाही पटतो. पण मोर्गान्यींच्या बाईला जो नियम लावला तोच फारिनेल्लीला लावायला हवा : हा एकच माणूस आहे. शिवाय तो सत्याहत्तर वर्षं जगला आणि खाऊनपिऊन सुखात जगला. वय आणि आहार हेही या हाडाचे संशयित आहेतच. एक उदाहरण दार उघडतं, पण पुरावा व्हायला अनेक लागतात. आवडत्या कल्पनेच्या बाजूचं उदाहरण मिळालं की आपण नियम सैल करतो, ही सवय संशोधनात फार महागात पडते.

मग आज वाढलंय का?

आजचे संशोधक सीटी स्कॅन वापरतात. कवटी न कापता, पातळ काप करून पाहिल्यासारखं सगळं दिसतं. हर्शकोव्हिट्झ यांच्याच गटाने २०११ मध्ये आजच्या स्त्रियांची शंभर वर्षांपूर्वीच्या स्त्रियांशी तुलना केली आणि आज प्रमाण जास्त असल्याचं मांडलं. शक्य कारणं म्हणून जास्त आयुष्य, कमी बाळंतपणं, बदललेला आहार, वाढतं वजन यांची चर्चा होते. चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा संबंध असावा अशी कल्पनाही २००२ मध्ये मांडली गेली.

आता तुमची पाळी. या शेवटच्या अभ्यासावर ‘नमुना कुठून आणला?’ हा प्रश्न टाका. सीटी स्कॅन कुणाचा होतो? रुग्णालयात आलेल्यांचा. शंभर वर्षांपूर्वीच्या कवट्या कुणाच्या? बेवारस गरिबांच्या. एका बाजूला दवाखान्यापर्यंत पोहोचू शकणारी आजची स्त्री, दुसऱ्या बाजूला अर्धपोटी जगलेली कालची स्त्री. दोघींमध्ये काळाचा फरक आहेच, पण अन्नाचा आणि परिस्थितीचाही आहे. यावरून तो निष्कर्ष खोटा ठरत नाही. त्याच्यापुढे कुठे ‘कदाचित’ लिहायचं, एवढंच कळतं. व्हायवाला बाहेरचा परीक्षक बरोबर त्याच जागी बोट ठेवतो.

तुमच्या वहीसाठी

या सगळ्यातून मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवलेत. माझा विषय वेगळा आहे, तरी रोज उपयोगी पडतात.

माझ्या नमुन्यात हे लोक, हे प्राणी, ही झाडं कोणत्या दारातून आली? ज्या दारातून आली त्या दारानेच मला हवा तो गुणधर्म आधीच निवडला नाही ना?

जे नमुन्यात आलेच नाहीत ते कुठे आहेत?

मी मोजण्याआधी व्याख्या ठरवली, की आकडा पाहून व्याख्या वाकवली?

एका जागी दोन गोष्टी दिसल्या म्हणून त्यांच्यात धागा आहे असं मी म्हणतेय का?

प्रयोगशाळेतली उंदरं असोत, शेतातली माती असो किंवा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतले रुग्ण असोत, हे प्रश्न बदलत नाहीत. सिनॉप्सिसमध्ये नमुना निवडीचा परिच्छेद आपण सर्वांत घाईने लिहितो, बहुधा सिनिअरच्या सिनॉप्सिसमधून उचलून. तोच परिच्छेद सर्वांत सावकाश लिहा.

आणि मावशी? दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. सांगितलं की तुझ्या वयाच्या पुष्कळ बायकांचं कपाळ आतून असंच असतं. ते वेड्यांच्या इस्पितळात सापडलं, कारण पाहणारे तिथे बसले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्या बायकांना उगाच नावं ठेवली म्हण की.’

मी ‘हो’ म्हटलं. खरं तर माझ्या सगळ्या वाचनाचा सारांश तिने एका वाक्यात सांगितला होता. पुढे तिने विचारलं, ‘पण मग त्यांना झालं काय होतं?’ हा प्रश्न मात्र त्या निबंधांपैकी एकातही मला सापडला नाही. हाड मोजून झाल्यावर तो विचारायचा राहूनच गेला होता.